सील रसायनाने मरतात की व्हायरसने, आणि आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्या मेलेल्या डॉल्फिनचं काय?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. तुमच्या गावच्या किनाऱ्यावर मेलेला डॉल्फिन लागला, लोक म्हणाले कंपनीच्या पाण्याने मेला, आणि त्याच आठवड्यात तुमच्या भाच्याने युरोपातल्या सीलांबद्दलची एक बातमी पाठवली की तिकडे केमिकलमुळे सील आजारी पडतात. म्हणून तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: सीलांना नक्की काय होतं, आपल्याकडच्या डॉल्फिनला तेच होतंय का, आणि सून गरोदर आहे तर घरात मासे बंद करायचे का. मी पशुवैद्यक आहे, बरीच वर्षं वनखात्याबरोबर रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर लागलेल्या डॉल्फिन-कासवांची पोस्टमार्टेम करतोय, आणि मधल्या काळात युरोपातल्या उत्तर समुद्राच्या (नॉर्थ सी) काठी एका सील उपचार केंद्रात शिकायला राहिलो होतो. त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं हाताखालून गेलंय. उत्तर लांब होणार आहे, सवडीने वाचा.

आधी थोडक्यात सांगतो. समुद्रातलं पीसीबी, डीडीटीसारखं रसायन (ते काय ते पुढे सांगतो) सीलला सहसा थेट मारत नाही. ते त्याची पिल्लं होणं थांबवतं आणि आजाराशी लढायची ताकद कमी करतं, मग मारतो दुसराच कोणीतरी, व्हायरस, फुफ्फुसातले जंत, उपासमार. म्हणून मेलेल्या जनावराकडे बघून ‘कुठल्या विषाने मेला’ असं विचारलं की उत्तर मिळत नाही. विचारायचं ते असं की याच्या चरबीत किती वर्षांचं काय साठलंय, आणि ते कोणी मोजलं का. आपल्या किनाऱ्यावर गाडी नेमकी इथेच अडते, त्यावर पुढे येतो.

सील आपल्याकडे नाहीत, अरबी समुद्रात त्यांची वस्ती नाही. मग त्यांच्यावरून आपण का शिकायचं? कारण समुद्री सस्तन प्राण्यांवर प्रदूषणाचा काय परिणाम होतो याबद्दल जे पक्कं माहीत आहे त्यातलं बरंचसं सीलांमुळे कळलंय. सील पिल्लं घालायला वाळूवर, खडकावर, बर्फावर येतो, त्यामुळे त्याची मोजदाद करता येते, आणि तो टाकीत ठेवून वर्षानुवर्षं पाळता येतो. डॉल्फिन पाण्यातच जन्मतो, पाण्यातच मरतो, आणि मेलेल्यांपैकी थोडेच किनाऱ्याला लागतात. पण शरीराची रचना या बाबतीत सारखीच आहे, कातडीखाली जाड चरबी, मासे हेच अन्न, आयुष्य मोठं, पिल्लू एका वेळी एकच आणि दूध प्रचंड स्निग्ध.

आता ती चरबी म्हणजे सगळ्या गोष्टीचं मूळ आहे. फोडणीत हळद तेलात उतरते आणि नुसत्या पाण्यात टाकली तर खाली गाळ बसतो ना, पीसीबी आणि डीडीटी यांचं तसंच आहे, पाण्यात ती जवळजवळ विरघळत नाहीत पण चरबीत मात्र शिरतात. पीसीबी म्हणजे जुन्या ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरमधलं तेल, न जळणारं, न सडणारं, म्हणूनच कारखान्यांना आवडायचं. डीडीटी तुम्हाला माहीतच आहे, मलेरियाची फवारणी. पाण्यात त्याचं प्रमाण नगण्य असतं, पण ते शेवाळात जातं, शेवाळातून बारीक जीवांत, त्यातून लहान माशांत, त्यातून मोठ्या माशांत, आणि प्रत्येक पायरीला वाढत जातं कारण खाणारा ते बाहेर टाकू शकत नाही. वर बसलेला सील दिवसाला तीन ते पाच किलो मासे पंचवीस-तीस वर्षं खातो. नर असेल तर मरेपर्यंत साठाच वाढतो. मादीचं वेगळं, तिचा साठा दर बाळंतपणात कमी होतो, आणि तो जातो दुधातून पिल्लाकडे.

सीलच्या दुधात निम्मी तरी चरबी असते. करड्या सीलचं पिल्लू जन्मताना चौदा-पंधरा किलोचं, ते अडीच आठवड्यांत तिप्पट होतं, नुसत्या दुधावर. आई त्या दिवसांत काही खातच नाही म्हटलं तरी चालेल, स्वतःची चरबी वितळवून दूध करते, आणि चरबी वितळली की तिच्यात वर्षानुवर्षं गप्प बसलेलं रसायन रक्तात येतं आणि दुधात उतरतं. पहिलटकरणीचं पिल्लू सगळ्यात जास्त सोसतं. दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ किनाऱ्यावरच्या बॉटलनोज डॉल्फिनवर १९८० च्या दशकात अभ्यास झाला होता, त्यात आईच्या साठ्यातला सुमारे ८० टक्के भाग पहिल्या पिल्लाकडे जातो असा अंदाज निघाला. म्हणून डॉल्फिनचं पहिलं पिल्लू मेलेलं सापडलं तर मला त्याच्या चरबीची फार उत्सुकता असते. अजून त्याने फारसा मासाही खाल्लेला नसतो, आणि तरीही साठा तयार असतो.

हे सगळं तर्काने ठीक, पण सिद्ध कसं झालं ते ऐका, कारण ते मला फार महत्त्वाचं वाटतं. हॉलंडच्या किनाऱ्याला वाडन समुद्र म्हणून उथळ चिखलाचा पट्टा आहे, भरती-ओहोटीचा, आपल्या खाड्यांच्या तोंडासारखाच पण फार मोठा. ऱ्हाईन नदीचं पाणी, सगळ्या कारखान्यांचं घेऊन, त्या बाजूला येतं. तिथले सील १९५० ते १९७५ या काळात ३,००० च्या वरून ५०० च्या खाली आले. शिकार बंद झाली तरी वाढेनात. तेव्हा पीटर रायंडर्स नावाच्या शास्त्रज्ञाने बारा-बारा माद्यांचे दोन गट केले, एका गटाला वाडन समुद्रातले मासे दिले आणि दुसऱ्याला ईशान्य अटलांटिकमधले, तुलनेने स्वच्छ. बाकी सगळं सारखं. साधारण दोन वर्षं हे चाललं. स्वच्छ मासे खाणाऱ्या बारापैकी दहाजणींना पिल्लं झाली, वाडनचे मासे खाणाऱ्या बारापैकी चौघींना. १९८६ साली हे छापून आलं. आणि बघा, त्या आठ माद्या आजारी नव्हत्या, खात होत्या, पोहत होत्या, वरून बघून कोणालाही त्यांच्यात काही खोट दिसली नसती. गर्भ गर्भाशयाला चिकटायच्या वेळेलाच गडबड होत होती. त्या सीलांच्या रक्तात अ जीवनसत्त्व आणि थायरॉईडचं हार्मोनही कमी सापडलं. मी विद्यार्थ्यांना शिकवताना हाच प्रयोग आधी सांगतो, कारण लोकांच्या डोक्यात प्रदूषण म्हटलं की तोंडाला फेस आलेलं मेलेलं जनावर येतं, आणि इथे तर एकही मेलं नाही.

बाल्टिक समुद्रात मात्र शरीरावरच दिसत होतं. स्वीडनमधल्या सोरेन येन्सन यांना डीडीटी मोजताना मध्येच काहीतरी अनोळखी पदार्थ सापडत होता, गरुडात, पाईक माशात, आणि तो पीसीबी आहे हे त्यांनी १९६६ मध्ये सांगितलं, तोपर्यंत हे समुद्रात पोचलंय याचा कोणाला पत्ता नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाल्टिकमध्ये करडे सील लाखाच्या आसपास असावेत असा अंदाज आहे, ७० च्या दशकात उरले काही हजार. आधीची घट शिकारीने झाली, हे सांगायला हवं, सगळं रसायनाच्या माथी मारणं बरोबर नाही. पण शिकार थांबल्यावरही ते सावरेनात, त्याचं कारण अँडर्स बर्गमन आणि मॅट्स ओल्सन यांनी मेलेले सील एकेक उघडून शोधलं. माद्यांच्या गर्भाशयाच्या नळ्या जागोजागी चिकटून बंद झालेल्या, अशी मादी जन्मभर वांझ. मूत्रपिंडाशेजारच्या अॅड्रिनल ग्रंथी सुजून मोठ्या. कवटीचं आणि जबड्याचं हाड झिजलेलं, दातांभोवती खड्डे पडलेले. पुढच्या पायांची नखं वेडीवाकडी. आणि मोठ्या आतड्यात जंतांनी केलेले व्रण, जे निरोगी सीलमध्ये किरकोळ असतात, ते इथे खोल जात जात आतडं फुटण्यापर्यंत गेलेले. जंत तेच, जनावर तेच, फरक एवढाच की शरीर त्यांना आवर घालू शकत नव्हतं.

मग आलं १९८८. त्या वर्षी एप्रिलमध्ये डेन्मार्कजवळच्या आनहोल्ट बेटावर सीलांची अकाली पिल्लं पडायला लागली, मग मोठे सील मरायला लागले, आणि काही महिन्यांत उत्तर समुद्राच्या सगळ्या काठाने सुमारे १८,००० सील मेले. पहिले काही आठवडे सगळीकडे एकच चर्चा, प्रदूषण, प्रदूषण. नंतर निघाला व्हायरस, कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाच्या व्हायरसचा जवळचा भाऊबंद, तेव्हा नव्यानेच ओळखला गेलेला. झालं, उद्योगवाले म्हणाले बघा, आमचा काही संबंध नाही. पण प्रश्न तिथे संपत नव्हता, एवढे का मेले हे विचारायला हवं होतं. म्हणून हॉलंडमध्ये आल्बर्ट ऑस्टरहाउस यांच्या गटाने स्कॉटलंडच्या तुलनेने स्वच्छ किनाऱ्यावरून २२ तरुण सील आणले, अकरा-अकरा वाटले, एका गटाला बाल्टिकचे हेरिंग मासे आणि दुसऱ्याला अटलांटिकचे हेरिंग, अडीचेक वर्षं. हे मासे माणसांच्या बाजारासाठीच पकडलेले होते, मुद्दाम विष घातलेले नव्हते. बाल्टिकचे मासे खाणाऱ्यांच्या रक्तातल्या, व्हायरसशी लढणाऱ्या पेशी स्पष्टपणे मंद पडलेल्या निघाल्या. म्हणजे व्हायरस खराच होता, पण दार आधीच किलकिलं होतं.

तरी माझं मत सांगतो, आणि यावर माझ्या क्षेत्रातले काहीजण वाद घालतात: १९८८ चा सगळा दोष पीसीबीला देणं मला पटत नाही. २००२ मध्ये तोच व्हायरस परत आला, परत आनहोल्टपासूनच, तोपर्यंत पीसीबी बरंच उतरलं होतं आणि तरीही २०,००० हून जास्त सील मेले. ज्या कळपात बऱ्याच जणांनी तो व्हायरस कधी बघितलेलाच नाही तिथे तो एकटाही पुरतो. रसायनाने मरणाऱ्यांचा आकडा वाढतो, बरं व्हायला वेळ लागतो, आणि पिल्लं कमी असतील तर मेलेल्यांची जागा भरत नाही, एवढं मी छातीठोकपणे सांगेन.

चांगली बाजूही आहे. ७० च्या दशकात बाल्टिकभोवतीच्या देशांनी पीसीबी आणि डीडीटीवर बंधनं आणली, त्यानंतर जन्मलेल्या माद्यांमध्ये ते बंद गर्भाशय दिसेनासे होत गेले, आणि आज तिथे करडे सील मोजणीतच तीस हजारांच्या वर भरतात. पण त्याला दोन-तीन दशकं लागली. बंदी घातली की दुसऱ्या वर्षी समुद्र स्वच्छ, असं या रसायनांच्या बाबतीत होत नाही, कारण चिखलात ती बसून राहतात आणि आई ती मुलीला देत राहते. स्कॉटलंडच्या टिरी बेटावर २०१६ च्या जानेवारीत लुलू नावाची एक किलर व्हेल मेलेली मिळाली, मासेमारीच्या दोरात अडकून. तिच्या चरबीत किलोमागे ९५७ मिलिग्रॅम पीसीबी निघालं. वयात येऊन कितीतरी वर्षं झालेली मादी, आणि तिला कधीच पिल्लू झालेलं नव्हतं. हे बंदीनंतर तीस-पस्तीस वर्षांनी.

पारा आणि तेल यांचं थोडक्यात उरकतो. पारा चरबीत नाही, यकृतात, स्नायूत आणि मेंदूत जातो, आणि सील-डॉल्फिनच्या यकृतात सेलेनियमशी बांधून तो निरुपद्रवी करायची सोय निसर्गानेच केलीय, म्हणून यकृतात पाऱ्याचा मोठा आकडा दिसला तरी लगेच घाबरायचं नसतं, मेंदूत आणि पिल्लात किती गेला ते महत्त्वाचं. तेलाचं म्हणाल तर १९८९ ला अलास्कात एक्झॉन वाल्डेझ जहाज फुटलं तेव्हा तिथल्या खाडीतले सुमारे ३०० सील गेले असा अंदाज आहे, त्यांच्या मेंदूत इजा सापडल्या, आणि त्या ताज्या तेलाची वाफ श्वासातून गेल्याने झाल्या असाव्यात असं मानतात. आपल्याकडे पावसाळ्यात वाळूत जे डांबरगोळे येतात ते शिळं तेल, वाफ केव्हाच उडून गेलेली. कासवाच्या पिल्लाच्या तोंडात गेले तर वाईट, पण डॉल्फिन त्याने मरत नाही.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या किनाऱ्याला लागून राहणारा डॉल्फिन म्हणजे पाठीवर उंचवटा असलेला हंपबॅक, जगभरात धोक्यात आलेला, आणि त्याच्याबरोबर पाठीवर परच नसलेला छोटा काळपट पॉरपॉईज. दोघेही उथळ पाण्यातले. हंपबॅक तर खाडीच्या मुखाशीच असतो, दाभोळ, बाणकोट, जयगड, जिथे नदीबरोबर मासळी येते तिथे हाही येतो. म्हणजे नदीतून जे काही येईल त्याची पहिली वाट याच्या ताटातून जाते. कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी या सगळ्या नद्यांच्या काठाला रासायनिक कारखान्यांच्या वसाहती आहेत हे मी तुम्हाला सांगायला नको.

पण इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते आणि ती मला थांबवायचीय. खाडीत एके सकाळी पाणी लाल-काळं होतं, वास सुटतो, बोय, शेवटं, काळुंद्री पांढरी पोटं वर करून तरंगतात, भोई आणि दालदी मच्छीमार बंधूंचा अख्खा हंगाम बुडतो. हे झालं तत्काळ विष, आम्ल, अमोनिया किंवा पाण्यातला प्राणवायू संपणं. माशाला पळायला जागा नसते, कल्ल्यातूनच त्याचा श्वास असतो, तो तासाभरात मरतो. हा गुन्हा आहे आणि त्याचे नमुने त्याच दिवशी, त्याच भरतीत घ्यायला हवेत. डॉल्फिन मात्र हवेत श्वास घेतो, पाणी खराब वाटलं तर बाहेर निघून जातो, त्यामुळे मासे मेले आणि पंधरा दिवसांनी डॉल्फिन लागला म्हणजे त्याच पाण्याने मेला असं म्हणता येत नाही. असं बोललं की समोरचा वकील अर्ध्या मिनिटात खोडून काढतो, आणि मग खरी तक्रारही हलकी पडते. डॉल्फिनचा दावा दुसरा आहे, हळू आणि जुना, आणि तो चरबीवर उभा राहतो.

मी स्वतः ज्या डॉल्फिनची पोस्टमार्टेम केली त्यांच्यात कारण कळलंच तर बहुतेक वेळा जाळं. शेपटीच्या देठाला आणि चोचीला जाळ्याच्या बारीक रेघा, फुफ्फुसात फेस, पोटात अर्धवट पचलेली मासळी, म्हणजे जेवता जेवता अडकला आणि श्वास कोंडून मेला, तोपर्यंत धडधाकट. काहींचं वेगळं असतं. चरबीचा थर पातळ, पाठीचे स्नायू आत बसलेले, पोट रिकामं, फुफ्फुसात जंतांचे गुंडाळे आणि पू. उत्तर समुद्राकाठच्या केंद्रात खोकत खोकत येणारी सीलची पिल्लं मी बघितली होती, त्यांच्या फुफ्फुसात असेच जंत असायचे, आणि तिथे डॉक्टर पहिली गोष्ट करायचे ती म्हणजे रक्त बाजूला काढून ठेवायचे आणि पिल्लू गेलंच तर छातीच्या हाडावरची चरबी मिलिमीटरमध्ये मोजून तिचा तुकडा फ्रीजरमध्ये. आज तपासायला पैसे नसले तरी दहा वर्षांनी कोणीतरी तपासेल म्हणून. स्वीडनच्या निसर्ग संग्रहालयात असे नमुने ६० च्या दशकापासून ठेवलेत, त्यामुळेच कुठलं रसायन कधी चढलं आणि कधी उतरलं हे ते वर्षवार सांगू शकतात.

आपल्याकडे काय होतं? सकाळी कोणीतरी फोटो काढतो, दुपारपर्यंत बातमी येते, संध्याकाळी जेसीबी येतो आणि वाळूत खड्डा. उन्हामुळे वास सुटतो, लोक वैतागतात, पर्यटक असतात, ग्रामपंचायतीवर दबाव असतो, मला ते कळतं. वनरक्षकाकडे ना फ्रीजर असतो ना फॉइल. २०१२ मध्ये राज्याचा कांदळवन कक्ष झाल्यापासून परिस्थिती सुधारलीय हे मान्य करायला हवं, निदान नोंद होते, आम्हाला फोन येतो. पण चरबीचा नमुना ही अजून सवय झालेली नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण कुजलेल्या डॉल्फिनमध्ये व्हायरस शोधणं जवळजवळ अशक्य असतं, पेशी विरघळलेल्या असतात, पण पीसीबी-डीडीटी कुजत नाही. ताज्याइतकं अचूक नसलं तरी दोन-तीन दिवसांच्या फुगलेल्या जनावराच्या चरबीतूनही ते मोजता येतं. म्हणजे आपल्या उन्हात जी एकमेव गोष्ट टिकते तीच आपण पुरून टाकतो.

नमुना घेणं अवघड नाही. पाठीवरच्या पराखालून, कातडीपासून थेट स्नायूपर्यंत पूर्ण जाडीचा तळहाताएवढा तुकडा, कारण बाहेरच्या आणि आतल्या थरात प्रमाण वेगवेगळं असतं. स्टीलची सुरी, स्पिरिटने पुसलेली. गुंडाळायचं अॅल्युमिनियम फॉइलमध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत थेट कधीच नाही, प्लॅस्टिकमधलीच रसायनं चरबीत उतरतात आणि निकाल खराब होतो. मग उणे वीस अंशात. सोबत एक दात, कारण डॉल्फिनचा दात चिरला की आत वयाचे थर दिसतात. वय आणि नर-मादी माहीत नसेल तर चरबीतला आकडा काहीच सांगत नाही, म्हाताऱ्या नरात तो जास्त असणारच, आणि चार बाळंतपणं झालेल्या मादीत कमी असला तरी ती स्वच्छ पाण्यात राहिली असा अर्थ होत नाही.

भारतात अगदीच काही झालेलं नाही असं नाही. तमिळनाडूतल्या परंगीपेट्टईजवळच्या डॉल्फिनची चरबी १९९० च्या सुमारास जपानी आणि भारतीय शास्त्रज्ञांनी मिळून तपासली होती, त्यात डीडीटी सगळ्यात वर, पीसीबी त्याखाली आणि त्याखाली बीएचसी, जी पावडर आपल्याकडे गमॅक्झिन म्हणून भाताला मारायचे. युरोपात पीसीबी मोठं असतं, इथे डीडीटी, कारण शेतीतला त्याचा वापर १९८९ मध्ये थांबवला तरी मलेरिया आणि काळा आजारासाठी ते चालूच राहिलं. पीसीबीचं म्हणाल तर २०१६ च्या सरकारी आदेशाने त्याची आयात आणि निर्मिती बंद झाली आणि ज्या जुन्या यंत्रांत ते आहे त्यांना २०२५ अखेरची मुदत दिली. गावात जुना ट्रान्सफॉर्मर भंगारात फोडताना तेल ओहोळात ओतलेलं दिसलं तर ती बारीक गोष्ट समजू नका. आणि बरेच जण आंब्याच्या फवारणीबद्दल विचारतात म्हणून सांगतो, हल्लीची बरीचशी औषधं चरबीत वर्षानुवर्षं साठणाऱ्यातली नाहीत. मधमाश्यांना आणि ओढ्यातल्या खेकड्यांना त्यांचा त्रास आहे, तो विषय वेगळा आणि तोही गंभीर, पण डॉल्फिनच्या खात्यावर तो टाकू नका.

पुढच्या वेळी असा डॉल्फिन दिसला तर आधी १९२६ वर वनखात्याला फोन करा. कायद्याने तो वाघाच्याच यादीतला प्राणी आहे, त्यामुळे परवानगीशिवाय तुम्ही स्वतः तुकडा कापायचा नाही, ते काम आमचं. पण फोटो तुमचे फार कामाला येतील: पूर्ण अंगाचा एका बाजूने, शेपटीच्या देठाचा जवळून, तोंड उघडं असेल तर दातांचा, आणि पोटाखालचा, ज्यावरून नर की मादी कळतं. चोचीच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत सरळ रेषेत लांबी, अंगाच्या वळणावरून टेप न टेकवता. शाळेची मुलं बघायला आली तर येऊ दे, पण वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभी करा आणि हात लावू देऊ नका, या प्राण्यांत ब्रुसेला नावाचा जिवाणू असतो, माणसाला होऊ शकतो. आणि वनरक्षक येईल तेव्हा खड्डा खणायच्या आधी त्याला विचारा की डॉक्टरांना कळवलंय का, चरबी घेणार आहात का. तुमच्यासारख्या गावातल्या शिक्षिकेने विचारलं की फरक पडतो, हा माझा अनुभव आहे.

आता सुनेचं. मासे बंद करू नका. सील रोज चार किलो मासे तीस वर्षं खातो, आतड्या-यकृतासकट, आपण आठवड्यातून चार वेळा दोन तुकड्या. बांगडा, तारली, मांदेली, बोंबील हे लहान आणि थोड्या आयुष्याचे मासे, त्यांच्यात साठायला वेळच मिळत नाही, आणि बाळाच्या मेंदूला लागणारं चांगलं तेल त्यांच्यातच आहे. खाडीत मासे मेल्याची बातमी असेल तर त्या आठवड्यात त्या खाडीची मासळी आणि कालवं-तिसऱ्या टाळा, एवढं पुरे. टाळायचे ते मोठे, जुने शिकारी मासे, म्हणजे मोठी मुशी (शार्क) आणि मोठा कुपा (ट्यूना), त्यांच्यातल्या पाऱ्यासाठी. आपल्याकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरीचं, म्हणजे मुशीचंच, कालवण देतात, घरात कोणाचा आग्रह असेल तर मोरीऐवजी ताजी तारली द्या. आणि दुधातून रसायन जातं असं मी वर लिहिलंय ते वाचून कोणी अंगावर पाजायचं बंद करू नये, माणसाच्या दुधात चरबी चार टक्क्यांच्या आसपास असते, सीलच्या दहावा हिस्सासुद्धा नाही, आणि बाळाला त्यातून मिळणारी ताकद कुठल्याही डब्यात मिळत नाही. तुमच्या डॉल्फिनचे फोटो असतील तर पाठवा, शेपटीच्या देठाचा असेल तर आधी तो.